कारखान्याच्या काट्यावरचं साक्षीदार यंत्र कसं बांधावं

प्रश्न: मी निपाणी भागातला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. आमच्या शेतकरी मंडळाला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असं यंत्र बसवायचंय, की उसाच्या गाडीचं वजन झाल्याबरोबर ते थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावं. कारखाना परवानगी द्यायला तयार आहे, पण यंत्र त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच विजेवर राहणार. कुणी उघडून फेरफार करू नये म्हणून चिप कोणती घ्यावी, खोकं कसलं असावं, नेटवर्क कोणतं? खोकं जाड स्टीलचं केलं तर भागेल का?

उत्तर:

स्टीलच्या खोक्यानं भागणार नाही. बरीच वर्षं बंगळुरात कार्ड स्वाइप करायच्या मशीनचे बोर्ड डिझाइन केल्यावर आणि आता बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचं छोटं युनिट चालवताना एवढं पक्कं कळलंय, की निवांत वेळ मिळाला तर उघडता येणार नाही असं खोकं नसतं. तुम्हाला हवंय ते एवढंच, की उघडलेलं लपवता येऊ नये आणि गप्प केलेलं यंत्र तिथे नसलेल्या माणसाला ताबडतोब कळावं. पैसा त्यावर घाला.

आधी शत्रू कोण ते ठरवा. बँकेच्या तिजोरीवर मालकाचाच पहारा असतो. तुमचं यंत्र ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच घरात राहणार. काट्याचा क्लार्क आहे, इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र, दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक आहे, कारखान्याचा संगणक बघणारा माणूस आहे. आणि काटा दर वेळी कारखान्याच्याच फायद्याचा मारला जातो असंही नाही. क्लार्क आणि गाडीवाला एक झाले तर वजन वाढतंसुद्धा, आणि ते कारखान्याच्या खिशातून जातं. परवानगीच्या बैठकीत हा मुद्दा जरूर मांडा, समोरच्यांचा सूर बदलतो.

आता वेळ कुणाकडे किती आहे ते बघा. गळीत चालू असताना काटा रात्रंदिवस चालतो, यार्डात ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, खिडकीत ड्रायव्हर डोकावत असतो. अशा वेळी कुणी सोल्डरिंग गन घेऊन बसत नाही. खरी भीती पावसाळ्याची. हंगाम संपला की एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत केबिनला कुलूप, मेन स्विच खाली. सहा महिने आत तुमचं यंत्र आणि बाहेर किल्लीवाला. या भागात असली यंत्रं बसवणारे बहुतेक जण हंगामाचा विचार करतात आणि बिनहंगामाचा विसरतात.

दुसरी गोष्ट खोक्याच्याही आधीची. तुमच्या यंत्राला वजन येतं कुठून? प्लॅटफॉर्मखाली लोडसेल, म्हणजे भाराचा विजेचा सिग्नल करणारे सेन्सर, त्यांच्या तारा जंक्शन बॉक्समध्ये, तिथून इंडिकेटर, आणि इंडिकेटरच्या पाठीमागच्या आरएस-२३२ पोर्टवरून तुम्ही. लोडसेल दोन मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल आणि त्याला दहा व्होल्ट दिले असतील, तर पूर्ण भाराला मिळतात जेमतेम वीस मिलिव्होल्ट. एवढ्या नाजूक सिग्नलला समांतर एक रेझिस्टर लावला आणि तो रिमोटनं जोडता-तोडता येईल असं केलं, की काम झालं. ही कल्पना नवी नाही. एप्रिल २०१७ मध्ये लखनौत पेट्रोल पंपांवर धाडी पडल्या, तेव्हा पंपात बसवलेल्या रिमोटच्या चिपा सापडल्या होत्या. उसाच्या काट्यावर हिशोब करून बघा: वीस टनांच्या भरगाडीत दोन टक्के मारले तर ४०० किलो, आणि टनाला तीन हजार धरले तर एका खेपेला बाराशे रुपये.

असा आकडा तुमच्यापर्यंत आला तर तुमचं यंत्र त्या खोट्या आकड्यावर प्रामाणिकपणे सही करेल, आणि ते आणखी वाईट. म्हणून फक्त शेवटचं वजन घेऊ नका. बहुतेक इंडिकेटरना सतत आकडे पाठवायचा मोड असतो, सेकंदाला अनेक वाचनं येतात. ती सगळी साठवा. भरलेली ट्रॉली चढते तेव्हा आकडा एकेका आसागणिक पायऱ्या-पायऱ्यांनी वर जातो, ट्रॅक्टर थांबला की थोडा झुलतो आणि मग बसतो. इंजिन बंद झालंय, आकडा स्थिर आहे, आणि एकाएकी तो तीनशे किलोनं खाली येऊन तिथेच चिकटला, तर तो उसाचा दोष नव्हे. आलेखावर ही पायरी शाळेतल्या पोरालाही दिसते. उलट, गाडी उतरल्यावर काटा शून्यावर येतो का, किती वेळानं येतो, हेही नोंदवा.

रिकाम्या गाडीचं वजन हा दुसरा हुकमी पुरावा. तोच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या, हंगामभर येतात. त्यांचं रिकामं वजन डिझेल आणि चिखलाएवढंच इकडेतिकडे व्हायला हवं. एखाद्या पाळीतच सगळ्या गाड्या रिकाम्यापणी दीडशे किलोनं जड भरायला लागल्या, तर निव्वळ वजन कुठून कापलं जातंय ते कळतं. मात्र काट्याचं कॅलिब्रेशनच कायमचं बिघडवलेलं असेल, तर तुमच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला ते दिसणार नाही. तिथे प्रमाणित वजनं किंवा दुसऱ्या काट्यावरची फेरतपासणी हाच उपाय. जंक्शन बॉक्स आणि इंडिकेटरवर वजनमापे खात्याचं सील असतं, त्याला हात लावायचा नाही. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी सील तुटलं की गुन्हेगार तुम्ही.

इंडिकेटर ते तुमचं यंत्र ही तारही बघा. आरएस-२३२ वर ना सही ना शिक्का. मध्ये पन्नास रुपयांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, बसवून आकडे बदलता येतात. मी एका केबिनमध्ये टेबलामागची केबल हातानं चाचपत गेलो, तर पट्टीखाली इन्सुलेशन टेपची एक जाड गाठ लागली. उंदरानं कुरतडली म्हणून जोडली, असं उत्तर आलं. खरंही असेल. पण अशी जागाच ठेवू नका: यंत्र इंडिकेटरच्या शेजारी, केबल हातभर, एकसंध, लोखंडी नळीतून. शिवाय यंत्राला एक छोटा कॅमेरा द्या, जो वजन नोंदवण्याच्या क्षणी इंडिकेटरच्या आकड्यांचा फोटो घेईल. बाहेरचा जम्बो डिस्प्ले शेतकरी स्वतः वाचतो, तुमचा मेसेजही वाचतो. हे तीन आकडे जुळले की मधली चोरी अवघड होते.

आता किल्ली, म्हणजे यंत्र ज्या गुप्त आकड्यानं सही करतं तो. सही म्हणजे नोंद याच यंत्राची आहे आणि नंतर बदललेली नाही हे पटवणारा आकड्यांचा शिक्का. सैन्याची संदेशयंत्रं बनवणारे लोक यंत्र शत्रूच्या हाती पडणारच असं धरून चालतात. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियानं अमेरिकेचं ‘प्युब्लो’ हे टेहळणी जहाज पकडलं आणि त्यावरची सांकेतिक यंत्रं त्यांना आयती मिळाली. नुसत्या यंत्रांवर फारसं काही साधलं नसतं, कारण किल्ल्या ठरावीक काळानं बदलत असत. पण त्याच सुमारास जॉन वॉकर नावाचा अमेरिकी नौदलातलाच माणूस किल्ल्यांच्या याद्या सोव्हिएतना विकत होता. ऑगुस्त केर्कहॉफ्सनं १८८३ मध्येच लिहून ठेवलंय, की यंत्रणा शत्रूला पूर्ण माहीत असली तरी चाललं पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावं. तुमचं सर्किट, तुमचा कोड, सगळं कारखान्याला दाखवता येईल असंच बनवा.

किल्ली साध्या मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या मेमरीत, ठेवू नका. ‘रीड प्रोटेक्शन चालू केलंय’, म्हणजे आतलं बाहेर वाचता येणार नाही, या वाक्यावर विसंबणारे अनेक जण मी पाहिलेत. २०१७ मध्ये एसटीएम३२एफ० या मायक्रोकंट्रोलर मालिकेचं संरक्षण चिपचं वरचं आवरण काढून अतिनील प्रकाशानं खाली आणून दाखवलं गेलं. २०१९ मध्ये ईएसपी३२ आणि २०२० मध्ये एनआरएफ५२ यांच्या वीजपुरवठ्याला नेमक्या क्षणी झटका देऊन त्यांची कुलपं उघडली गेली. असल्या झटक्याची उपकरणं आता महाग राहिलेली नाहीत. म्हणून किल्लीसाठी वेगळी सिक्युअर एलिमेंट चिप घ्या, एटीईसीसी६०८ किंवा त्या जातीची. किल्ली तिच्या आतच तयार होते आणि बाहेर कधी येत नाही; तुम्ही मजकुराचा हॅश, म्हणजे त्यातून गणितानं काढलेला छोटा ठसा, देता, ती सही परत देते. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी. सगळ्या यंत्रांना एकच किल्ली दिलीत तर एक काटा फुटला म्हणजे सगळे फुटले.

पण ही चिप बसवली म्हणजे झालं, असं समजू नका. तिला काय सही करतोय ते कळत नाही. कुणी ती बोर्डावरून उचलली, दुसऱ्या बोर्डावर लावली आणि तिला हवी ती वजनं दिली, तर ती निमूटपणे सह्या करत बसेल. किल्ली चोरीला गेली नाही, सही मात्र खोटी झाली! त्यामुळे चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांची आपसात ओळख पटवणारं गुपित हवं, ते गुपित बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत हवं, आणि खोकं उघडल्याबरोबर ते पुसलं जायला हवं. स्वाइप मशीनमध्ये नेमकं हेच असतं.

प्रत्येक नोंदीत गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, अनुक्रमांक आणि आधीच्या नोंदीचा हॅश घाला. मधली एक नोंद काढली तरी साखळी तुटते. अनुक्रमांकासाठी या चिपमध्ये फक्त पुढेच जाणारा काउंटर असतो, तो २०,९७,१५१ पर्यंत मोजतो. गाडीमागे दोन वजनं धरली तर मोठ्या कारखान्यालाही कित्येक हंगाम पुरतो. पण एखाद्या उत्साही माणसानं दर सेकंदाला तो वाढवायचा कोड लिहिला, तर चोवीस दिवसांत संपेल आणि चिप फेकून द्यावी लागेल. काउंटर फक्त वजनाच्या नोंदीला वाढवा.

उघडल्यावर काय पुसायचं, यावर जरा थांबतो. इंटरनेटवर सैनिकी रेडिओचे लेख वाचून लोक ‘सगळं पुसून टाका’ असं डिझाइन करतात. रेडिओत ते बरोबर आहे, तिथे आतलं प्रत्येक अक्षर गुपित. तुमच्याकडे गुपित काय आहे? वजन तर शेतकऱ्याला, क्लार्कला, रांगेतल्या सगळ्यांना दिसतं. तुम्हाला खरेपणा जपायचाय, गुप्तता नव्हे. तेव्हा फक्त चिप आणि मायक्रोकंट्रोलरमधलं ते ओळखीचं गुपित जाऊ द्या, नोंदी राहू द्या. नोंदीसुद्धा पुसल्या जात असतील, तर पुरावा नष्ट करायला एक स्क्रू ढिला करणं पुरेल. म्हणजे शत्रूला बटण तुम्हीच दिलंत.

आणि पुसण्याची घाई नको. काट्याशेजारून दिवसभर भरलेल्या गाड्या जातात, केबिन हादरते. खोटा गजर होऊन हंगामाच्या ऐन मध्यात यंत्र बंद पडलं, की क्लार्क म्हणणार, ‘तुमचं डबडं रोज बिघडतंय’, आणि त्या वाक्यापुढे तुमचं सगळं गणित फिकं पडतं. हादरा, तापमान, वीज जाणं यांची नुसती सही केलेली नोंद करा. झाकणाचे दोन वेगळे संपर्क एकाच वेळी तुटले किंवा आतल्या प्रकाश-सेन्सरला उजेड दिसला आणि एक संपर्कही गेला, तरच ते गुपित पुसा.

संपर्कासाठी तयार मायक्रोस्विच घेऊ नका, त्याची दांडी झाकणाच्या फटीतून पातळ पट्टी सरकवून दाबून धरता येते. स्वाइप मशीनमध्ये बोर्डावर सोन्याचा मुलामा दिलेली गोल कडी असते, झाकणाला कार्बनचं रबरी बटण असतं, आणि कडीभोवती आणखी एक राखण-कडी असते. कुणी सुईनं विद्युतवाहक शाई आत सोडली तर ती आधी राखण-कडीला लागते आणि गजर होतो. त्यावर नागमोडी तारांची लवचीक जाळी चिपांभोवती गुंडाळली, की ड्रिलनं शिरायचा मार्गही बंद होतो. एवढी जाळी आपल्या भागात बनवून मिळायला वेळ लागतो, पण मिळते.

सोन्याचा मुलामा म्हणालो तो श्रीमंतीसाठी नाही. आपल्याकडचे बरेच कारखाने रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, शिवाय सांडपाण्याच्या बाजूनं हायड्रोजन सल्फाइड येतो. त्या हवेत चांदीचे संपर्क काळे पडतात. हंगाम संपल्यावर परत आणलेला एक बोर्ड भिंगाखाली धरला, तर प्रत्येक चांदीच्या टोकावर काजळीसारखा थर आणि त्यावर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक पिवळट लव चिकटलेली होती. झाकणाला कुणी हातही लावला नव्हता, तरी दोन संपर्क तुटल्यासारखे वाचत होते.

आता ती पावसाळ्यातली बॅटरी. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. उघडझाप पाहणारं सर्किट दोन मायक्रोअँपिअरवर चालत असेल तर कागदावर बारा वर्षं. पण कोड लिहिणाऱ्यानं मायक्रोकंट्रोलर नीट झोपवला नाही आणि पन्नास मायक्रोअँपिअर ओढले, तर ४,४०० तास, म्हणजे १८३ दिवस. एप्रिलमध्ये मेन स्विच गेला की ऑक्टोबरच्या तोंडावर सेल मेला! त्यातून अथणीच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या केबिनमध्ये काय उकाडा होतो ते तुम्हाला सांगायला नको. बीआर जातीचे सेल उष्णता जास्त सोसतात, ते घ्या, आणि सेल संपत आल्याची सही केलेली नोंद पाठवायची सोय करा.

बाहेरून दिसणारं सील हवंच, पण स्टिकरवर भिस्त ठेवू नका. हेअर ड्रायरनं गरम करून किंवा कडेनं थिनर सोडून होलोग्रामचा स्टिकर अखंड निघतो, परत चिकटतो. त्यापेक्षा स्क्रूच्या डोक्यांवर चमकी असलेलं नेलपॉलिश लावा आणि जवळून फोटो काढून ठेवा. खडेबाजारात मिळतं ते चालतं. चमकीचे कण कसे पडतील ते कुणाच्याच हातात नसतं, त्यामुळे तसंच्या तसं पुन्हा करता येत नाही. २०१३ च्या शेवटी जर्मनीतल्या हॅकर परिषदेत ही युक्ती मांडली गेली आणि आजही तिच्याइतकं स्वस्त काही नाही. फोटो मात्र मंडळाच्या दोन-तीन माणसांकडे असावेत, फक्त तुमच्याकडे नको.

खोकं पॉलिकार्बोनेटचं घ्या, खाली ॲल्युमिनियमचा जाड तळ. उद्यमबागेत तळ ओतून, मशिनिंग करून सहज मिळेल. पूर्ण स्टील केलंत तर अँटेना बाहेर काढावी लागेल, आणि बाहेरची अँटेना म्हणजे पान्याच्या एका पिळात तोंड बंद. अँटेना आतच राहू द्या. एकदम हवाबंदही करू नका. दिवसा तापून, रात्री गार होऊन बंद खोकं श्वास घेतं, फटीतून दमट हवा ओढतं आणि आत दव साठतं. हवा जाईल पण पाणी जाणार नाही असा पडद्याचा व्हेंट बसवा, आणि त्याच्या आत वाकडी वाट ठेवा, म्हणजे सुई सरळ बोर्डापर्यंत जाणार नाही. सगळा बोर्ड कडक इपॉक्सीत बुडवायचा मोह होतो. इपॉक्सी तापून फुगते तेव्हा सोल्डरचे सांधे तडकतात. नुसतं सिलिकोन घातलं तर ते नखानं सोलता येतं. भागांवर आधी मऊ सिलिकोनचा थर, त्यावर इपॉक्सी, आणि तेही फक्त चिप व जाळीच्या भागात.

चोराआधी बहुतेक यंत्रं वीज मारते. वळवाच्या पावसात गडगडाट झाला की लांब केबल अँटेनासारखं काम करते. इंडिकेटरच्या आरएस-२३२ तारेला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशानं पलीकडे नेणारा भाग), दोन्ही बाजूंना विजेचा झटका जिरवणारे सर्ज अरेस्टर, काट्याचं आणि केबिनचं अर्थिंग एकत्र. आणखी एक, पुस्तकात न सापडणारं: बिनहंगामात काट्याच्या प्लेटवर वेल्डिंग करतात आणि अर्थची क्लिप भलत्याच ठिकाणी लावतात. तो करंट लोडसेलमधून, इंडिकेटरमधून परत जातो. मे महिन्यात केबल सोडवून ठेवा. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा कारखाना असेल तर यंत्र टेबलावर नको, भिंतीवर छातीच्या वर. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल.

नेटवर्क. इथे फोडण्यापेक्षा गप्प करणं सोपं आहे. सिम काढा, भोवती फॉइल गुंडाळा, स्वस्तातला जॅमर लावा, आणि म्हणा ‘रेंज नव्हती’. म्हणून हंगामात दर काही मिनिटांनी यंत्रानं ‘मी आहे’ असा सही केलेला ठोका पाठवावा, आणि ठोका चुकला की सर्व्हरनं मंडळाच्या लोकांना कळवावं. गप्प असण्याचीही नोंद राहते म्हटल्यावर गप्प करण्यात मजा राहत नाही. मोडेम फक्त टू-जीचा घेऊ नका. दोन कंपन्यांची सिम घाला आणि रोमिंग चालू ठेवा. कोगनोळीच्या आसपास यंत्र कधी कर्नाटकातला टॉवर पकडतं, कधी महाराष्ट्रातला; रोमिंग बंद असलेलं सिम तिथे दिवसातून चार वेळा मरतं.

दुसरी वाट म्हणून लोरा, म्हणजे थोडा मजकूर लांबवर नेणारा कमी ताकदीचा रेडिओ, चांगली. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झपासूनच्या पट्ट्यात ठरावीक ताकदीपर्यंत परवाना लागत नाही, मॉड्यूल मात्र मान्यताप्राप्त घ्या. सोसायटीच्या किंवा दूध डेअरीच्या गच्चीवर गेटवे बसवला तर सपाटीला काही किलोमीटर आरामात जातं. पण सर्वात संथ वेगाला लोरावॅनच्या (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या) एका संदेशात ५१ बाइट मावतात आणि सही एकटीच ६४ बाइटची. म्हणून लोरावर फक्त ठोका आणि साखळीच्या शेवटच्या हॅशचा तुकडा पाठवा.

एसएमएसची हीच अडचण. देवनागरी किंवा कन्नड मजकूर असला की एका मेसेजमध्ये ७० अक्षरं. सही अक्षरांत लिहिली तर ८६ होतात. तेव्हा एसएमएस माणसानं वाचायला ठेवा, शेतकऱ्यानं नोंदणीच्या वेळी निवडलेल्या भाषेत. पुरावा क्यूआर कोडमध्ये द्या. काट्याच्या खिडकीवर तुमच्या यंत्राचा छोटा प्रिंटर स्लिप काढेल, तिच्यावर वजन, सही आणि अनुक्रमांक असलेला क्यूआर. त्या स्लिपला ना टॉवर लागतो ना सर्व्हर, ती ट्रॅक्टरवाल्याच्या खिशातून गावात पोचते. माझ्या मते तुमच्या सगळ्या यंत्रणेतलं सर्वात भरवशाचं नेटवर्क तेच.

घड्याळाचं थोडक्यात: वीस पीपीएमचं, म्हणजे दहा लाखांत वीस चुकणारं, क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतं, सहा महिन्यांत पाच मिनिटं. हंगामाच्या सुरुवातीला वेळ मिळवा, आणि सर्व्हरकडून येणाऱ्या प्रत्येक पोचपावतीतली वेळ साखळीत घाला. कोड दुरुस्त करायची सोय सही केलेल्या फाइलनंच असावी, जुनी आवृत्ती परत चढवता येऊ नये, आणि गळीत चालू असताना अपडेट नाहीच.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण गावातला कुणीतरी विचारणारच: तुमच्यावर का विश्वास ठेवायचा? किल्ल्या बनवणारा माणूस तुम्ही, उद्या कारखान्यानं तुम्हालाच नोकरीवर ठेवलं तर? म्हणून किल्ली चिपच्या आत तयार करताना मंडळाचे दोघं आणि कारखान्याचा एक असे साक्षीदार ठेवा, आणि यंत्राची सार्वजनिक किल्ली, म्हणजे सही तपासायला लागणारा उघडा आकडा, छापून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. तपासणारं ॲप कुणीही दुसऱ्यानं लिहू शकेल इतका सोपा नमुना जाहीर करा. यंत्र उघडलं गेलं आणि आतलं गुपित पुसलं गेलं, तर नवी किल्ली याच साक्षीदारांसमोर, नवा अनुक्रम सुरू करून.

वाद कोर्टापर्यंत गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ बघा. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो, आणि यंत्र सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. तुमच्या नोंदींत हॅश आधीपासूनच आहे, म्हणून काम हलकं होईल. सांभाळणारा कोण ते मात्र करारात आजच लिहा, आणि ते नाव कारखान्याच्या पगारावरचं नसावं. करारातच आणखी एक कलम घाला: हंगाम संपल्यावर मेन स्विच बंद करायच्या आधी आणि बॉयलर पेटायच्या आधी, दोन्ही वेळा मंडळाचा माणूस केबिनमध्ये येऊन नेलपॉलिशचा फोटो जुन्याशी ताडून बघेल आणि सेलचं व्होल्टेज लिहून घेईल.